बारातले दहा

अपूर्णांकांची मला लहानपणापासून भीती वाटायची आणि पुढं मी शिक्षिका झाले. या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येऊ नयेत, पण आल्या. ट्रेनिंग कॉलेजात गणिताचा पेपर मी निव्वळ पाठांतरावर काढला होता. 'छेद समान करा, अंशांची बेरीज करा, संक्षिप्त रूप द्या' हे मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येत होतं. छेद समान का करायचे, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. विचारलं की आपल्याला येत नाही हे चारचौघांना कळतं, एवढी अक्कल मला होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतली. सोलापूरची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि पोरांचं चित्त अजून पाळण्यातच होतं. भवानी पेठेतल्या आमच्या शाळेत माझ्याकडं पाचवीचा वर्ग होता. खिडकीपलीकडं दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. त्याच्यावर आवाज चढवून बोलता बोलता माझा मुळातलाच चढा आवाज आणखी चढला होता. माझी नेमणूक तात्पुरती होती. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार, माझा पाठ बघणार, शेरा लिहिणार आणि त्या शेऱ्यावर मी कायम होणार की घरी जाणार ते ठरणार.

घरी म्हणजे कुठं, तेही सांगते. बार्शीला, माझ्या भावाकडं. वडील गेल्यावर मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई, तिथंच राहायचो. भाऊ वाईट नव्हता. पण त्याच्या घरात अव्वा सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीकडं तोंड करून जेवायची, आणि भावजय येता-जाता दुरडीत किती भाकऱ्या उरल्यात ते बघून जायची. नोकरी लागल्याबरोबर मी अव्वाला सोलापूरला घेऊन आले. शाळेच्या मागच्या बोळात एक खोली आणि एक मोरी. पहिल्या दिवशी अव्वानं आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि मग माझ्याकडं बघून लाजली. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. फक्त ती खोली जाऊ नये.

सोमवारी हेडगुरुजींनी, म्हणजे चनमल्लप्पा गुरुजींनी, मला ऑफिसात बोलावलं.

"हेमावतीबाई, साहेब गुरुवारी येतायत. पाचवीचं गणित बघणार म्हणालेत. काय चाललंय सध्या?"

"अपूर्णांक," मी म्हणाले. "बेरीज-वजाबाकी."

"वा! साहेबांचा आवडता विषय. मुलांना फळ्याकडं बोलावून विचारतात ते."

मी घाईघाईनं म्हणाले, "त्यापेक्षा भूमिती घेऊ का, गुरुजी? आकृत्या चांगल्या काढते मी."

"टाचणात काय लिहिलंय तेच घ्या. साहेब आधी टाचण बघतात."

टाचण म्हणजे कोणत्या दिवशी काय शिकवणार ते लिहून ठेवायची वही. ती मीच महिन्याच्या सुरुवातीला ऐटीत लिहून दिली होती. आपल्याच हातानं आपल्यासाठी खड्डा खणावा तो असा.

मंगळवारी मी नियम फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांकडून दहा वेळा म्हणून घेतला. तरी निम्म्या वर्गानं अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असंच लिहिलं. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. मी ओरडले, "खालचे आकडे मिळवायचे नाहीत, किती वेळा सांगू?"

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "का न्हाय मिळवायचं, बाई?"

ती चंद्रव्वा. काळीसावळी, बारकी, उशिरा येणारी. तिची आई अक्कम्मा खाणावळींना भाकऱ्या थापून द्यायची आणि ही पोर शाळेच्या आधी त्या पोचवून यायची. म्हणून रोज पहिली घंटा बुडायची आणि तिच्या परकराला चुलीचा वास यायचा. तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र तो माझ्यावरच रोखलेला प्रश्न वाटला.

"पुस्तकात तसं दिलंय म्हणून," मी म्हणाले. "खाली बैस."

ती बसली. पण दिवसभर तो 'का' माझ्या मागं लागला. गुरुवारी साहेबांनी हाच प्रश्न मला विचारला तर काय करायचं? त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पहाटे स्वप्न पडलं की मी बार्शीच्या चुलीपाशी बसून भावजयीला नियम म्हणून दाखवतेय.

बुधवारी मी वर्गाला दहा उदाहरणं सोडवायला दिली आणि टेबलाशी बसून एकेक वही तपासली. तपासायची कशी, तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची उत्तरं डाव्या हाताखाली धरायची आणि उजव्या हातानं लाल पेन चालवायचं. जुळलं की बरोबर, नाही जुळलं की फुली. त्यात डोकं लागत नव्हतं आणि मला ते लावायचंही नव्हतं.

चंद्रव्वाची वही आली. पहिलं उदाहरण, १/२ + १/३. पुस्तकात उत्तर ५/६. तिनं लिहिलं होतं १०/१२. फुली. दुसरं, १/२ + १/४. पुस्तकात ३/४, तिचं ६/८. फुली. तिसरं, १/३ + १/४. पुस्तकात ७/१२ आणि तिच्या वहीत १४/२४! पुढचं १/२ + १/५ मात्र ७/१० असं बिनचूक. त्याच्या पुढचं १/२ वजा १/४ हेही बिनचूक. दहापैकी चार बरोबर, सहा चूक, आणि चुकांचे आकडे तर ऐकावेत असे. मला वाटलं, बरोबर आलेली चार शेजारणीची बघून लिहिलीत आणि बाकीची ठोकून दिलीत.

माझं डोकंच फिरलं. उद्या साहेब येणार, आणि ही पोर फळ्यावर चौदा छेद चोवीस लिहिणार!

"इकडं ये. हे दहा छेद बारा कुठून आणलंस?"

"बाई, तीन पडत्यात म्हून..."

"काय पडतंय?"

"पानात, बाई. तीन पडत्यात की."

वर्ग खो-खो हसला. मला वाटलं, ही माझी टिंगल करतेय. कालचा तो 'का' अजून माझ्या डोक्यात ठणकत होता. "हात पुढं कर," मी म्हणाले आणि लाकडी फूटपट्टीनं तिच्या उजव्या तळहातावर दोन मारल्या. जोरात मारल्या, खोटं कशाला सांगू? ती रडली नाही. हात परकरात गुंडाळून जागेवर जाऊन बसली.

मग मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. दहाही उदाहरणांची पुस्तकातली उत्तरं फळ्यावर लिहिली आणि वर्गाकडून पाठ करून घेतली. "साहेबांनी पहिलं विचारलं की पाच छेद सहा. दुसरं विचारलं की तीन छेद चार." पोरांना पाठांतर सोपं जातं. अर्ध्या तासात सगळ्यांची तयारी झाली. शेवटी मी चंद्रव्वाला म्हणाले, "तू उद्या हात वरच करायचा नाहीस. समजलं?"

"व्हय, बाई."

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मी घरी आले ते वह्यांचा गठ्ठा काखेत मारूनच. अन्नावर वासना नव्हती. अव्वानं बळंच बसवलं. ताटात अर्धी भाकरी वाढली, मोडून दोन चतकोर. आमटीबरोबर तेवढं गेलं असतं, पण तिचं मन राखायला म्हणून मी आधीच आणखी एक चतकोर मागितला. तिनं दुरडीतून चतकोर काढला, मोडला आणि त्याचे दोन तुकडे करून माझ्या ताटात ठेवले.

"अख्खाच टाकायचा की," मी म्हणाले.

"तीन होत्यात गं," अव्वा म्हणाली. "पानात तीन पडू ने."

हे मी जन्मापासून ऐकत आले होते. पानात तीन तुकडे वाढायचे नाहीत, तीन भाकऱ्या वाढायच्या नाहीत, तिसरी वाढायची वेळ आली तर तिचा कोपरा मोडून चार म्हणायचं. ते अशुभ कशानं, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं विचारत नाहीत, चंद्रव्वाच्या घरी विचारत नाहीत, आख्ख्या भवानी पेठेत विचारत नसतील.

माझा हात ताटावरच थांबला.

पानात तीन पडत्यात, बाई.

मी उरलेले दोन चतकोरही मधोमध मोडले. चतकोराचा अर्धा म्हणजे नितकोर. ताटात सहा नितकोर झाले. अख्ख्या भाकरीचे आठ होतात. आठातले सहा. भाकरी तीच, तेवढीच, पाऊण. अर्धी अधिक चतकोर म्हणजे ६/८. खरकट्या हातानंच मी गठ्ठा ओढला आणि चंद्रव्वाची वही काढली. अव्वा "अगं, अगं" करत राहिली.

सगळं तिथंच होतं, नीट, बारीक अक्षरात. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा मिळवायचा तर दोन्हींचे तुकडे सारखे हवेत, म्हणून आधी सहा करायचे. पण सहातली अर्धी म्हणजे तीन तुकडे, आणि तीन तर पानात वाढत नाहीत. म्हणून तिनं प्रत्येक तुकडा पुन्हा मोडला. बारा. बारातले सहा आणि बारातले चार, मिळून दहा. जिथं जिथं तीन आले, तिथं तिथं पोरीनं तुकडे मोडले होते. जिथं आले नाहीत, तिथं तिचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळलं होतं. एकही उदाहरण चुकलेलं नव्हतं. दहाच्या दहा बरोबर होती, आणि सहांवर माझ्या लाल फुल्या होत्या.

आणि छेद समान का करायचे, तेही मला त्या ताटावर कळलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी. तुकडे सारखे असल्याशिवाय मोजायचे कसे? एवढंच होतं ते. मला क्षणभर इतका आनंद झाला की हसूच आलं. मग फूटपट्टी आठवली आणि मी ताट बाजूला सारलं.

"काय झालं?" अव्वानं विचारलं.

"एका पोरीला मारलं आज."

"चुकली होती काय?"

"न्हाई. माझंच चुकलं."

अव्वानं खोलीभर नजर फिरवली. कोनाड्यातला देव, खुंटीवरची माझी दुसरी साडी, कोपऱ्यातली तिची दुरडी. मग हळूच म्हणाली, "उद्या साहेब हाय न्हवं? परवा सांग तिला. आता काय घोळ घालू नको, बाय."

तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. सगळ्या वर्गाची उत्तरं पाठ आहेत, ती पोर हात वर करणार नाही, तास पार पडेल. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. मी मान हलवली. परवा सांगायचं ठरवून मी वही गठ्ठ्यात परत घातली.

गुरुवारी साहेब ठरल्या वेळेच्या आधीच आले. टाचण बघितलं, मान डोलावली आणि शेरेपुस्तक घेऊन थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले, चंद्रव्वाच्या शेजारी! फळ्यावर आकृती काढताना खडू दोनदा मोडला.

तरी पाठ बरा चालला. मी विचारत होते आणि उत्तरं धडाधड येत होती. प्रत्येक वेळी चाळीस हात वर. साहेबांचा चेहरा खुलला होता. हेडगुरुजी दारात उभे राहून हसत होते. मी मनात म्हणत होते, दहा मिनिटं राहिली. आठ राहिली.

"बाई, जरा थांबा," साहेब म्हणाले आणि शेजारी वळले. "सगळ्यांचे हात वर होतात. तुझा एकदाही नाही. का गं?"

चंद्रव्वा माझ्याकडं बघायला लागली.

"ये पुढं. घाबरायचं नाही. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? फळ्यावर लिही बघू."

ती पुढं आली. खडू घेतला आणि मुळीच न थांबता लिहिलं, ५/६.

"शाबास! कसं काढलंस?"

ती फळ्याकडंच बघत राहिली.

"सांग की. पाच कुठून आले? सहा कुठून आले?"

"बाईंनी सांगितलंय," चंद्रव्वा म्हणाली. "पयलं इचारलं की पाच छेद सहा म्हनायचं."

बाहेरचे माग तेवढे वाजत होते. साहेबांचा चेहरा पार बदलला. त्यांनी शेरेपुस्तक गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला सुरुवात केली. एक ओळ झाली, दुसरी झाली. दारातलं हेडगुरुजींचं हसू कुठल्या कुठं गेलं. मला समोर बार्शीची चूल दिसायला लागली आणि तिच्याकडं तोंड करून जेवणारी अव्वा.

अजून वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, ही जरा कच्ची आहे, मनाचं काहीतरी बोलते.' ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. "साहेब, ही जरा..." एवढं मी म्हणालेही. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. ती डावखुरी नव्हती. पण फळ्यावर तिनं डाव्या हातानं लिहिलं होतं. उजवा हात अजून परकरात गुंडाळलेला होता.

"साहेब," मी म्हणाले, "उत्तरं मीच पाठ करून घेतली. हिची मात्र स्वतःची रीत आहे. काल वहीत तिनं ती लिहिली होती. मला कळली नाही, म्हणून मी फुली मारली आणि हिला मारलं. ती बरोबर होती."

साहेबांचं पेन थांबलं.

"चंद्रव्वा," मी म्हणाले, "काल वहीत काय लिहिलं होतंस, ते लिही."

ती हलेना.

"लिही, बाळ. तुमच्या घरी भाकरी मोडतात तसं."

साहेबांनी काय शेरा लिहिला ते संध्याकाळी हेडगुरुजींनी मला वाचायला दिलं. 'मुलांकडून उत्तरे पाठ करून घेतली आहेत. विद्यार्थिनीस शारीरिक शिक्षा केल्याचे शिक्षिकेने स्वतः कबूल केले. कायम करण्याची शिफारस तूर्त करता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाठ पाहावा.' अव्वानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "म्हंजे खोली हाय का न्हाय?" तिनं विचारलं. "सहा महिने हाय," मी म्हणाले. पुढं खोली राहिली, पण तेव्हा ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ते सहा महिने आम्ही दोघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. अव्वा तेव्हा नुसती दुरडी पुसत बसली.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी वर्गात चंद्रव्वानं आधी साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ५/६ पुसून टाकलं. डाव्या हातानं दोन गोल काढले, वाकडेतिकडे. एकेका गोलाचे बारा तुकडे केले, सावकाश, मोजून. पहिल्यातले सहा रंगवले, दुसऱ्यातले चार. खाली लिहिलं, १०/१२.

"बरोबर!" साहेब उठून उभे राहिले. "अगदी बरोबर आहे, पोरी."

ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तिनं खडू फळ्याच्या कडेला नीट ठेवला, माझ्या टेबलापाशी आली, परकरात गुंडाळलेला उजवा हात सोडवला आणि डोळे घट्ट मिटून तळहात माझ्यापुढं धरला.

"बरोबर आहे," मी म्हणाले. साहेबही पुन्हा म्हणाले. तिनं हात मागं घेतला नाही.